क्षुल्लक की मूलभूत? : द. रा. कापरेकर यांचे संख्यासंशोधन आणि त्याच्या स्वीकाराचा इतिहास

प्रस्तावना

संशोधन या शब्दाभोवती गांभीर्याचे एक वलय असते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, पदवी, अनुदान आणि शोधनियतकालिक या चौकटीत जे घडते तेच संशोधन, अशी सर्वसाधारण धारणा आहे. या चौकटीबाहेर, गंमत म्हणून किंवा केवळ कुतूहलापोटी केलेल्या अभ्यासाकडे विद्वत्वर्तुळात हसून पाहिले जाते. या हसण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा एक उपक्रम अमेरिकेत १९९१ पासून 'इग नोबेल' पुरस्काराच्या रूपाने सुरू आहे. आधी हसवणारे आणि मग विचार करावयास लावणारे संशोधन हा या पुरस्काराचा निकष होय. २००१ मध्ये बंगळूरच्या 'निमहान्स' या संस्थेतील डॉक्टरांना किशोरवयीन मुलांच्या नाक कोरण्याच्या सवयीच्या पाहणीबद्दल, तर २००२ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातील संशोधकांना भारतीय हत्तीच्या शरीराचे एकूण पृष्ठफळ अनुमानित करण्याची पद्धत दिल्याबद्दल तो मिळाला. २००० मध्ये चुंबकाच्या साहाय्याने बेडूक हवेत तरंगत ठेवल्याबद्दल मायकेल बेरी यांच्यासह हा पुरस्कार घेणारे आंद्रे गाइम यांना पुढे २०१० मध्ये ग्राफीनवरील कार्यासाठी भौतिकशास्त्राचे खरे नोबेल पारितोषिकही प्राप्त झाले. हास्यास्पद वाटणारे संशोधन आणि मूलभूत संशोधन यांच्यातील भिंत वाटते तितकी भक्कम नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण 'इग नोबेल'च्या कितीतरी आधी घडले. नाशिकजवळच्या देवळाली येथील एका शाळाशिक्षकाने आयुष्यभर संख्यांच्या अंकांशी खेळ केला. त्यांच्या हयातीत अनेक भारतीय गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. आज त्यांचे नाव जगभरच्या संख्याशास्त्रीय लेखनात रूढ आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे त्या शिक्षकाचे नाव. प्रस्तुत लेखात कापरेकरांच्या प्रमुख शोधांचे स्वरूप, त्यांच्या उपेक्षेची कारणे आणि पुढील काळात झालेल्या स्वीकाराची प्रक्रिया यांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेतला आहे.

जडणघडण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. फलज्योतिषाला सखोल गणित लागत नसले तरी आकडेमोडीचा हात चांगला असावा लागतो. ती आवड मुलाकडे आली. वडिलांनी आकडे वापरले ते भविष्य शोधण्यासाठी. मुलाने आकड्यांतच नियम शोधले. एकाच घरातील या दोन वाटांमधील अंतर पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे पूर्ण करून कापरेकर १९२३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी फर्ग्युसन हे गणिताच्या दृष्टीने सामान्य ठिकाण नव्हते. केंब्रिजला १८९९ मध्ये 'सीनियर रँग्लर' होणारे पहिले भारतीय र. पु. परांजपे यांनी या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले होते, आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालयही येथेच होते. १९२७ मध्ये कापरेकरांना परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि त्यानंतर देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी, संशोधन मार्गदर्शक किंवा विद्यापीठीय पद यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. १९६६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने त्यांना खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. मद्यप्याला जशी आपली धुंदी उतरू नये असे वाटते तशी आपली अवस्था संख्यांच्या बाबतीत आहे, असे ते म्हणत. लोकांनी त्यांना 'गणितानंद' हे नाव दिले ते याच वृत्तीमुळे.

देमलो, हर्षद आणि स्वयंभू

कापरेकरांच्या शोधांचे पहिले वैशिष्ट्य त्यांच्या नामकरणात आहे. युरोपीय गणितात संख्यांच्या वर्गांना व्यक्तींची किंवा लॅटिन-ग्रीक मुळांची नावे देण्याची प्रथा होती. कापरेकरांनी नावे घेतली ती आपल्या परिसरातून. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकावर एक कल्पना सुचली, त्या आजच्या डोंबिवलीच्या स्थानकावरून त्यांनी संख्यांच्या एका वर्गाला 'देमलो' हे नाव दिले. १, ११, १११, ११११ यांचे वर्ग केल्यास १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी डोंगरासारखी चढत-उतरत जाणारी रांग मिळते. या 'अद्भुत देमलो' संख्यांवरील त्यांचे टिपण १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे संस्कृत नाव दिले. १२ ही हर्षद संख्या आहे, कारण १ + २ = ३ आणि ३ ने १२ ला भाग जातो. हार्डी-रामानुजन भेटीमुळे विख्यात झालेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे : तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेदेखील हर्षदच ठरते. अंकांची बेरीज १५ आणि भागाकार १२७.

याहून अधिक सखोल ठरली ती स्वयंभू संख्यांची कल्पना. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्मते. २३ पासून निघाल्यास २८, ३८, ४९, ६२ अशी साखळी तयार होते. या साखळीतील सर्व अंकांची बेरीज प्रत्यक्ष न करता सांगण्याचे सूत्र कापरेकरांनी दिले : शेवटच्या संख्येतून पहिली वजा करावी व शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज मिळवावी. येथे ६२ − २३ + ८ = ४७, आणि प्रत्यक्ष बेरीजही ५ + १० + ११ + १३ + ८ = ४७ अशीच येते. या रीतीने २१ ही संख्या १५ पासून जन्मते; परंतु २० ला असा कोणी जनकच नाही. जिला जनक नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या आरंभीच्या स्वयंभू संख्या होत. त्यांनाच 'देवळाली संख्या' असेही नाव आहे.

उलटपक्षी काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. अशा संख्यांना कापरेकरांनी 'जंक्शन संख्या' म्हटले; रेल्वेच्या गावात राहणाऱ्या माणसाला हा शब्द सहज सुचावा. तीन जनक असणारी सर्वांत लहान संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि उत्तरही दिले : १००००००००००००१, म्हणजे एकावर बारा शून्ये देऊन शेवटी एक असणारी, दहा लाख कोटी एक ही चौदा अंकी संख्या. तिचे तीन जनक म्हणजे दहा लाख कोटी ही संख्या, त्या संख्येहून ९९ ने लहान असलेली संख्या आणि १०८ ने लहान असलेली संख्या. त्यांच्या अंकांच्या बेरजा अनुक्रमे १, १०० आणि १०९ येतात. त्या मिळवल्या की तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. चार जनकांच्या बाबतीत त्यांनी एक पंचवीस अंकी संख्या, १० चा चोविसावा घात अधिक १०२, ही लघुतम असावी असा तर्क मांडला. या तर्काचे पुढे काय झाले ते यथावकाश पाहावयाचे आहे.

वर्ग करून त्याचे दोन तुकडे करावेत व त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्या परत मिळावी, असा गुणधर्म असणाऱ्या संख्या आज 'कापरेकर संख्या' म्हणून ओळखल्या जातात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. येथे इतिहासाशी प्रामाणिक राहून हेही नोंदविले पाहिजे की, ३०२५ चे कोडे कापरेकरांच्या आधीचे आहे. इंग्रज कोडेकार हेन्री डुडनी यांनी १९१७ च्या आपल्या संग्रहात ३०२५ हा आकडा लिहिलेली चिठ्ठी मधोमध फाटल्याची कल्पना करून हा प्रश्न विचारला होता. डुडनी यांच्यासाठी ते चार अंकांचे एक कोडे होते. कापरेकरांनी या गुणधर्माच्या संख्यांचा वर्ग म्हणून अभ्यास केला. कोडे आणि संशोधन यांच्यातील सीमा नेमकी येथे आखता येते.

६१७४ : सात पायऱ्यांचा शोध

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. सर्व अंक समान नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून होणारी संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात वेळा हे केल्यावर ६१७४ हीच संख्या येते, व ती एकदा आली की पुन्हा पुन्हा तीच येत राहते.

कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊन हे पडताळता येते :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

१९०५ ला पूर्ण सात पायऱ्या लागतात. शोध मांडला गेला ते १९४९ हे वर्षही सातच पायऱ्यांनी ६१७४ ला पोहोचते.

या चमत्कारामागे गूढ काही नाही. चार अंक उतरत्या क्रमाने मांडल्यास वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने व दुसऱ्याला ९० ने गुणून मिळवले की उत्तर तयार होते. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा त्याहून मोठा नाही, म्हणून शक्य जोड्या होतात अवघ्या ५४. म्हणजे ९९९० आरंभसंख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत सामावली जाते. मग त्या ५४ चा पाठपुरावा हाताने करणे कठीण राहत नाही. तीन अंकी संख्यांत असाच मान ४९५ ला आहे. दोन अंकी संख्यांत मात्र स्थिर संख्या नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रहाटगाडगे फिरत राहते. पाच अंकांतही स्थिर संख्या सापडत नाही, तर सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन सापडतात. नियम आहे असे वाटावे तोच तो हुलकावणी देतो. सामान्य वाचकाला यात गंमत दिसते, तर गणितज्ञाला प्रश्न दिसतो.

उपेक्षेची कारणमीमांसा

या शोधांकडे अनेक भारतीय गणितज्ञांनी हसण्यावारी पाहिले, असे कापरेकरांच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. या वृत्तीचे मूळ केवळ व्यक्तिगत अहंकारात शोधणे अन्यायाचे ठरेल. तिच्यामागे एक सुस्पष्ट तात्त्विक भूमिका होती आणि ती त्या काळातील सर्वाधिक आदरणीय गणितज्ञाने मांडली होती. रामानुजनांची प्रतिभा ओळखणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हा छोटा ग्रंथ लिहिला. त्यात गंभीर प्रमेय व क्षुल्लक प्रमेय यांतील भेद सांगताना त्यांनी दोन उदाहरणे दिली. ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या आपल्याच उलट्या संख्यांच्या पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९), हे पहिले; आणि १५३, ३७०, ३७१ व ४०७ या संख्या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेएवढ्या आहेत, हे दुसरे. कोड्यांच्या सदरासाठी हे ठीक आहे, परंतु गणितज्ञाला भावेल असे यात काही नाही, कारण या विधानांचे अर्थपूर्ण सामान्यीकरण होत नाही, असा हार्डींच्या प्रतिपादनाचा आशय होता.

हा आक्षेप बिनतोड वाटतो. ६१७४ चा गुणधर्म हा चार अंकांचा आणि दशमान पद्धतीचा परिणाम आहे. माणसाच्या हातांना दहाऐवजी आठ बोटे असती तर ६१७४ ला हा मान मिळाला नसता. भारतीय गणित त्या काळी हार्डी-रामानुजन परंपरेच्या प्रभावाखाली स्वतःची ओळख घडवीत होते. अशा वेळी अंकांच्या मांडणीशी खेळणारा शाळामास्तर हा त्या ओळखीला कमीपणा आणणारा वाटला असल्यास नवल नाही. परंतु हार्डींच्या निकषात एक गृहीतक दडलेले आहे : सामान्यीकरण होत नाही, हे आधीच ठाऊक असल्याचे. सामान्यीकरण होते की नाही हे प्रयत्न केल्यावाचून कळत नाही, आणि प्रयत्न करण्यासाठी आधी कोणीतरी निरीक्षण नोंदवावे लागते. कापरेकरांनी ते नोंदविले.

प्रकाशनाच्या पर्यायी वाटा

विद्वत्परिषदेची मुख्य वाट अरुंद असल्याने कापरेकरांनी तीन पर्यायी वाटा वापरल्या. पहिली म्हणजे परदेशी नियतकालिके. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातून निघणारे 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' हे त्रैमासिक गणिताचा इतिहास, तत्त्वज्ञान व रंजन यांना वाहिलेले होते. त्यात १९४९ मध्ये कापरेकरांनी या क्रियेला पत्त्यांच्या एकट्याने खेळावयाच्या डावाची उपमा देणारे टिपण लिहिले. १९५३ मध्ये अंकांच्या उलटापालटीवरील प्रश्न आणि १९५५ मध्ये ६१७४ च्या वैशिष्ट्यावरील टिपण त्याच नियतकालिकात आले. दुसरी वाट स्वप्रकाशित पुस्तिकांची. आवर्ती दशांशांची चक्रे (१९५०), स्वयंभू संख्यांची कोडी (१९५९) आणि नव्या स्वयंभू संख्यांचे गणित (१९६३) या विषयांवरील त्यांच्या छोट्या पुस्तिका देवळालीहून निघाल्या. तिसरी वाट प्रत्यक्ष बोलण्याची : परिषदांत आणि शिक्षक-विद्यार्थ्यांसमोर व्याख्याने देण्याची.

यांपैकी पुस्तिकांचे महत्त्व इतिहासाच्या दृष्टीने विशेष आहे. त्या कोणत्याही समीक्षकाने तपासलेल्या नव्हत्या आणि त्यांना संस्थेचा पाठिंबाही नव्हता. तथापि चार जनकांच्या जंक्शन संख्येविषयीचा तर्क याच प्रकारच्या एकाकी लेखनातून मांडला गेला.

स्वीकाराची प्रक्रिया

कलाटणी मिळाली ती मार्च १९७५ मध्ये. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणितविषयक सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्या यांची ओळख करून दिली. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. या सदराला जगभर वाचक होते, व्यावसायिक गणितज्ञही त्यांत होते.

त्यानंतर तीनच वर्षांत जे घडले ते हार्डींच्या निकषाला परस्पर उत्तर देणारे आहे. १९७८ मध्ये हेल्मुट हॅसे आणि जी. डी. प्रिचेट यांचा शोधनिबंध 'क्रेले'च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता सर्व चार अंकी कापरेकर स्थिरांकांची निश्चिती, आणि तीही केवळ दशमान पद्धतीत नव्हे तर संख्यालेखनाच्या कोणत्याही पायावर. हॅसे हे विसाव्या शतकातील बीजीय संख्यासिद्धांतातील अग्रगण्य नाव, आणि १८२६ मध्ये स्थापन झालेले हे जर्मन नियतकालिक गणिताच्या इतिहासातील सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकांपैकी एक. ज्या गोष्टीचे सामान्यीकरण होणार नाही म्हणून ती क्षुल्लक मानली जात होती, तिचे सामान्यीकरण एका श्रेष्ठ गणितज्ञाने आयुष्याच्या उत्तरार्धात केले. १९८१ मध्ये प्रिचेट, लुडिंग्टन व लापेंटा यांनी दशमान पद्धतीतील सर्व कापरेकर स्थिरांकांचा प्रश्न 'फिबोनाची क्वार्टर्ली'त निकालात काढला.

स्वयंभू संख्यांबाबतही असेच झाले. इटालियन गणितज्ञ उंबेर्तो झान्निएर यांनी १९८२ मध्ये अमेरिकन गणित परिषदेच्या कार्यवृत्तात त्यांच्या वितरणाचा अभ्यास मांडला. या संख्या पुढे विरळ होत नाहीशा होत नाहीत. त्यांचे प्रमाण ठराविक राहते, असे त्यातून सिद्ध झाले. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी कापरेकर संख्यांचे नाते ९९, ९९९, ९९९९ यांसारख्या संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी जोडून दाखविले. ४५ × ४४ या गुणाकाराला ९९ ने निःशेष भाग जातो, ४५ च्या गमतीचे रहस्य इतकेच. ४५ आणि ५५ मिळून १००, २९७ आणि ७०३ मिळून १०००, २२२३ आणि ७७७७ मिळून १००००, अशा जोड्या का जुळतात हेही त्यातून उलगडते.

आणि अखेरीस तो पंचवीस अंकी तर्क. २०२१ मध्ये मॅक्स अलेक्सेयेव, डोनोव्हन जॉन्सन आणि पूर्णांक-श्रेणींच्या विश्वकोशाचे जनक नील स्लोन यांनी कापरेकरांच्या जंक्शन संख्यांवर शोधनिबंध लिहिला. कितीही जनक असले तरी लघुतम संख्या काढून देणारी आवर्ती सूत्रे त्यांनी सिद्ध केली, आणि त्यांवरून कापरेकरांचा १० चा चोविसावा घात अधिक १०२ हा तर्क अचूक असल्याचे निष्पन्न झाले. संगणकाशिवाय, देवळालीत बसून, सुमारे सहा दशकांपूर्वी मांडलेला अंदाज बरोबर निघाला होता. ते पाहण्यास कापरेकर नव्हते.

नामांतराचा प्रश्न

स्वीकाराच्या या कथेला एक दुसरी बाजू आहे. १९७४ मध्ये कोलंबियाचे बर्नार्डो रेकामान यांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त स्वयंभू संख्यांचाच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. त्यामुळे या संख्या 'कोलंबियन संख्या' म्हणूनही ओळखल्या जाऊ लागल्या. १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी संख्यासिद्धांताच्या एका परिषदेतील व्याख्यानात अंकांच्या बेरजेने विभाज्य संख्यांचा उल्लेख केला, आणि हर्षद संख्यांना 'निव्हेन संख्या' हे दुसरे नाव मिळाले. यात कोणाचाही अप्रामाणिकपणा नव्हता. देवळालीच्या पुस्तिका मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींत नसल्या की असे होणे अपरिहार्य असते. शोध लागण्याइतकेच तो सापडेल अशा ठिकाणी ठेवणेही महत्त्वाचे, हा यातील धडा होय.

हर्षद संख्यांच्या कथेचा शेवट मात्र खरोखर हर्ष देणारा आहे. १९९३ मध्ये कूपर व केनेडी यांनी सिद्ध केले की, दशमान पद्धतीत लागोपाठ २१ संख्या हर्षद असणे अशक्य आहे; पण लागोपाठ २० असू शकतात, आणि असे गट अनंत आहेत. त्यांनी रचून दाखविलेल्या अशा गटांतील सर्वांत लहान संख्या लिहावयाची तरी ४,४३६ कोटींहून अधिक अंक लागतील. १२ पासून सुरू झालेली शाळकरी गंमत इतक्या दूर नेऊन सोडते.

शिक्षण आणि सावधगिरी

कापरेकरांच्या शोधांचे शैक्षणिक मूल्य स्वतंत्र आहे. आधुनिक संशोधनाचा बहुतांश भाग उपकरणांविना वर्गात आणता येत नाही. ६१७४ चा प्रयोग मात्र खडू-फळ्यावर पूर्ण होतो. पुणे-सातारा मार्गावरील भोर तालुक्यातील किकवीसारख्या गावातील शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने आपले जन्मवर्ष घेऊन तो केला, तर निरीक्षण, पडताळणी, अपवादाचा शोध आणि सिद्धता या संशोधनाच्या चारही पायऱ्या एका तासिकेत अनुभवता येतात. ११११ घेतल्यास काय होते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की अपवाद सापडतो. कारण विचारले की सिद्धतेची गरज निर्माण होते.

त्याच वेळी एक सावधगिरी आवश्यक आहे. ६१७४ ला 'दैवी' वा 'गूढ' संख्या ठरवून तिचा संबंध भविष्याशी जोडण्याचा मोह होऊ शकतो. कापरेकरांची वाट त्यांच्या वडिलांच्या नादापासून वेगळी झाली ती याच वळणावर. संख्या माणसाच्या आयुष्याविषयी काय सांगते हा त्यांचा प्रश्नच नव्हता. संख्या संख्येविषयी काय सांगते, एवढाच होता. अशा विधानाची सत्यासत्यता कोणालाही तपासता येते, आणि म्हणूनच ते संशोधन ठरते.

समारोप आणि निष्कर्ष

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने कापरेकरांचे उदाहरण केवळ अभिमानाचे नाही, अस्वस्थ करणारेही आहे. २०१० च्या विनियमांद्वारे विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधनाचे गुणांकन आणले. प्रकाशने, प्रकल्प आणि परिषदा यांना गुण मिळू लागले. देवळालीहून स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिकेला अशा कोष्टकात कोणत्या रकान्यात बसवावे? मूल्यमापनाची व्यवस्था नको, असा याचा अर्थ नाही. कापरेकरांचे तर्कही शेवटी समीक्षित निबंधांतूनच सिद्ध झाले. परंतु व्यवस्थेने जे मोजता येत नाही ते निरर्थक समजू नये, इतका बोध यातून निश्चित घेता येतो.

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

१. संशोधनाचे क्षुल्लकत्व हे विषयावरून नव्हे तर त्यातून निघणाऱ्या प्रश्नांवरून ठरते, आणि तो निर्णय बहुधा काळानेच होतो.

२. कापरेकरांच्या उपेक्षेमागे व्यक्तिद्वेषापेक्षा गांभीर्याची एक प्रतिष्ठित व्याख्या कारणीभूत होती. १९७८ च्या हॅसे-प्रिचेट निबंधाने त्या व्याख्येची मर्यादा दाखवून दिली.

३. रंजक गणिताची नियतकालिके आणि लोकप्रिय सदरे यांनी औपचारिक विद्वत्तेच्या बाहेरील संशोधन टिकवून ठेवण्याचे कार्य केले.

४. स्थानिक पातळीवरील पुस्तिका, टिपणे व हस्तलिखिते यांचे जतन आणि सूचीकरण न झाल्यास शोधाचे श्रेय अन्यत्र जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या परिसरातील अशा साहित्याचा संग्रह करणे अगत्याचे आहे.

२०२५ हे ४५ चा वर्ग असलेले, २० + २५ = ४५ हा गुणधर्म बाळगणारे आणि शिवाय हर्षद असलेले वर्ष येऊन गेले. त्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर देवळालीच्या एका शिक्षकाची दोन नावे कोरलेली होती, हे ध्यानात येण्यास गणिताची पदवी लागत नाही. चार अंकांकडे थोडे थांबून पाहण्याची सवय लागते. ती सवय लावणे हे शाळेतील आणि महाविद्यालयातील अध्यापनाचे समान कार्य आहे.